वद्य सप्तमी आणि चौतीस किलोमीटर

तारीख मीच चुकवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की सगळं काकांवर ढकललं.

बाबांची तिथी आश्विन वद्य सप्तमी. ते गेले त्याला दोन वर्षं होत होती. पहिल्या वर्षी तिथी आली तेव्हा तमिळ ऐप्पसी महिना चालू होता. मी डोक्यात तेवढंच ठेवलं. ऐप्पसी, वद्य सप्तमी. तंजावूरात घरोघरी भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं, किराणावाला फुकट देतो. सप्टेंबरात मी त्याची पानं उलटली. ऐप्पसीतली वद्य सप्तमी दहा नोव्हेंबरला. शर्यत अकरा ऑक्टोबरला. मध्ये एक अख्खा महिना. मी फॉर्म भरून टाकला.

पण ते कॅलेंडर तमिळ लोकांचं. त्यांचे महिने सूर्याचे, आमचे चंद्राचे. काही वर्षं दोन्ही हातात हात घालून चालतात, काही वर्षं एक पुढे निघून जातो. तीनशे वर्षं आम्ही मराठी लोक इथे आहोत, अर्धी भाषा तमिळ झाली, स्वप्नं पण तमिळमध्ये पडतात, पण तिथी मात्र आपल्या महिन्याने. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यात आलंच नाही. अठ्ठ्याण्णव साली आश्विन वद्य सप्तमी ऐप्पसी लागायच्या आतच पडली. अकरा ऑक्टोबर. रविवार.

शर्यतीचाच दिवस.

आता शर्यत कसली ते सांगतो. एक परदेशी बुटांची कंपनी नुकतीच मद्रासला आली होती. त्यांना बूट विकायचे होते. म्हणून त्यांनी जानेवारीत तंजावूर ते समुद्र अशी ऐंशी किलोमीटरची शर्यत ठेवली. एका दिवसात, पायी. पेपरात आलं तेव्हा लोक हसले. वेलांकण्णीच्या जत्रेला लोक चालत जातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पळत जायचं म्हटलं की वेड.

पण ऐंशीला कुणालाही घेणार नव्हते. त्याआधी ऑक्टोबरात जवळच्या तिरुवैयारुला चौतीस किलोमीटर. डांबरी रस्ता नाही. कावेरीचा बांध, कालव्याचा काठ, शेतातले धुरे. साडेतीन तासांच्या आत जो येईल त्यालाच जानेवारीचा नंबर. एक सेकंद उशीर झाला तरी घरी जा.

मला तो नंबर हवा होता. का हवा होता ते विचारू नका. बाबा गेले, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलं, काकांनी ओळखीने कुरियरमध्ये लावलं. पाकिटं पोचवायची. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत सायकल नीट जात नाही, म्हणून पळत जायचो. मग काम नसलं तरी पळायला लागलो. रद्दीच्या दुकानात एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं, पळण्याचं. त्यात लिहिलं होतं, दर आठवड्याला एक लांब पळ. किती लांब, ते पान फाटलेलं. म्हणून मी पाय नाही म्हणेपर्यंत पळायचो. एकदा वीसेक किलोमीटरवर, ओरत्तनाडूपर्यंत गेलो, येताना बस. हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी लावून दिलं नव्हतं. बस, एवढंच कारण.

गुरुवारी संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती.

"रविवारसाठी केळफूल मिळतं का बघ," ती म्हणाली. "आणि कारली. कोवळी आण. श्रीनिवासरावांना सांगून झालंय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय. बाबांची तिथी."

"ती नोव्हेंबरात आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. माझी बहीण भुवना अभ्यास करत होती, ती फिसकन हसली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र तमिळमध्येच देते. "अण्णा, ते त्यांचं कॅलेंडर," ती म्हणाली. "आपलं नाही."

मी खालीच बसलो. आईने विचारलं काय झालं. मी सांगितलं. तिने तांदळातला एक खडा काढला, बाजूला ठेवला, आणि म्हणाली, "काकांना मी सांगणार नाही. तूच सांग."

सांगायची वेळच आली नाही. शुक्रवारी काका स्वतःच आले. गोपालकृष्ण काका, बाबांचे धाकटे भाऊ, वीज बोर्डातून रिटायर झालेले, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांना बातम्या कुठून मिळतात कोण जाणे. बाहेर तिण्णैवर, म्हणजे आमच्या ओट्यावर, बसले आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू.

"ऐकलं ते खरं का रे, कार्तिकेय?"

"काय ऐकलं?"

"बापाच्या तिथीच्या दिवशी तू चड्डी घालून पळणार म्हणे."

"चड्डी घालूनच पळतात, काका."

"काय मिळणार त्यात?"

"नंबर."

"कसला?"

"जानेवारीत ऐंशी किलोमीटर आहे. त्याचा."

आता काकांनी चप्पल काढली. "म्हणजे परवा नीट पळालास तर बक्षीस काय, तर आणखी पळायचं."

"होव."

"आणि नाही पळालास तर?"

"तर नाही पळायचं."

"मग न पळणं काय वाईट आहे?" आत भुवनाला हसू आलं ते ऐकू आलं. काकांना राग आला. "हे बघ. कर्त्याने तिथीच्या दिवशी प्रवास करायचा नाही. श्रम करायचे नाहीत. शास्त्र आहे ते, माझं नाही. तुला पळायचं असेल तर पळ. पण मग तिथीला तू बसायचं नाही. मी बसतो. मी भाऊ आहे त्याचा."

"मुलगा असताना?"

"मुलगा कुठेय? मुलगा शेतात पळतोय."

मी म्हटलं, "मी पळणार पण आणि बसणार पण."

"दोन्ही नाही जमत."

"बघू."

हा 'बघू' त्यांना फार लागला. उठून गेले. आई दारात होती, ती आत गेली. मला तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की एक सोडून दुसरं घे असं जो म्हणेल त्याचं मी ऐकणार नाही. माझा बाप. माझे पाय. दोन्हींत मला कुणाची परवानगी नको होती.

शनिवारी सकाळी श्रीनिवासरावांना गाठलं. ते आमचे भटजी, विम्याचे एजंटही आहेत. आमच्या लोकांत आता भटजी उरलेत किती, त्यामुळे एका दिवसात तीन-तीन घरं. टीव्हीएस फिफ्टी मोपेडवर दर्भाची जुडी बांधत होते. सगळं सांगितलं. काका जे म्हणाले तेही.

"प्रवास आणि श्रम," ते म्हणाले. "ते नियम जेवणाऱ्या ब्राह्मणाला. म्हणजे मला. श्राद्धाचं जेवल्यावर मी ओझं उचलायचं नाही, लांब जायचं नाही, परत जेवायचं नाही. गोपालकृष्णराव माझे नियम तुला लावतायत."

"मग मला काय?"

"तू उपाशी. ब्राह्मण जेवेपर्यंत काही खायचं नाही. पाणी चालतं. आज पण दुपारचंच जेवण, रात्री नाही. फार तर दोन केळी खा. उद्या बारा वाजता अंघोळ करून मडीचं धोतर नेसून तयार राहा." मडी म्हणजे तुमचं सोवळं. "मी साडेबाराला येणार. एक मिनिट थांबणार नाही, मला नंतर पण एक घर आहे."

"उपाशीपोटी चौतीस किलोमीटर होतील का?"

त्यांनी गाडीला किक मारली. "ते शास्त्रात नाही."

रविवारी पहाटे सुब्रह्मण्य आला. सुब्बु. टायपिंग क्लास चालवतो, माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याच्याकडेही टीव्हीएस फिफ्टी. मला मागे बसवून तिरुवैयारुला नेलं. वाटेत म्हणाला, "डेय, तू काल रात्री जेवला नाहीस, आज सकाळी खाल्लं नाहीस, आणि चौतीस किलोमीटर पळणार. तू मेलास तर तुझी तिथी पण आजचीच येईल. घरच्यांना सोपं."

सहा वाजता सोडलं. एकसष्ट जण. हवाई दलाच्या स्टेशनातली आठ-दहा पोरं, पोलीस भरतीवाले, कॉलेजांचे चॅम्पियन, आणि मद्रासहून आलेले चौघे, कंपनीचे कोरे बूट घातलेले. माझ्या पायात कॅन्व्हासचे, अंगठ्यापाशी दाभणाने शिवलेले.

पहिले दहा किलोमीटर कावेरीचा बांध. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला. आमच्याकडची माती ओली झाली की बुटाच्या तळाला चिकटते आणि दुसरा तळ होतो. मग तिसरा. मद्रासवाल्यांचे बूट पाच किलोमीटरात किलो-किलोचे झाले. एक जण थांबून काडीने खरवडत होता. मी बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधल्या, गळ्यात टाकले. अनवाणी. मग मजा आली. मातीत बोटं रुतवून पळायचं. नदी डाव्या हाताला, भरलेली, गढूळ. एका म्हाताऱ्याने सायकल थांबवून विचारलं, "काय झालं, तंबी? कुणाच्या मागे लागलात?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी म्हटलं, शर्यत आहे. "मग बक्षीस कुठंय?" म्हटलं, पुढे. त्याने खरंच पुढे बघितलं.

वीस किलोमीटरला कंपनीचं टेबल. ग्लुकोज, संत्र्याच्या फोडी, बिस्किटं. कंपनीची टोपी घातलेली एक मुलगी पेला पुढे करून म्हणाली, "सर, ग्लुकोज." मला त्याआधी कुणी सर म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, पाणी. "सर, सगळे घेतायत." पाणी, म्हटलं. घड्याळात एक तास सत्तावन्न. वेळेच्या पुढे होतो. मला वाटलं, हे बघा काका. उपाशी पण आहे आणि पळतो पण आहे. मनातल्या मनात त्यांना दोन-चार वाक्यं ऐकवून पण झाली.

तेविसाव्या किलोमीटरला ती वाक्यं बंद पडली.

जे कधी एवढे पळाले नाहीत त्यांना कसं सांगू. दमणं वेगळं. हे दमणं नव्हतं. आतून कुणीतरी बटणं बंद करत जातं. आधी हात गार पडले. मग कान बंद झाल्यासारखे. मग धुऱ्यावरून पळताना धुरा कुठे आहे तेच कळेना, एक पाय दोनदा शेतात गेला, गुडघाभर पाणी. माझ्या मागचे सात जण पुढे गेले. एकाने पाठीवर थाप मारली, मला ती अर्ध्या मिनिटाने कळली. सत्ताविसाव्या किलोमीटरच्या खुणेपाशी घड्याळ बघितलं. दोन त्रेचाळीस. सात राहिले, सत्तेचाळीस मिनिटं. एरवी हे मी पाकिटं वाटत वाटत केलं असतं. तेव्हा मला चालता येत नव्हतं. कालव्याच्या काठावर उकिडवा बसलो.

शेतात बायका सांबा भाताची लावणी करत होत्या. रोपांची जुडी हातात, कमरेत वाकून. त्यातली एक वर आली, तिची भाकरतुकड्याची वेळ झाली होती म्हणा. माझ्याशेजारीच झाडाला तिची ॲल्युमिनियमची बरणी लटकवलेली.

"तंबी, तोंड असं काय झालंय?" ती म्हणाली. "खाल्लंयस का काही?"

"नाही. आज बाबांची तिथी आहे."

"तिथी आहे तर पळतोयस कशाला?"

"शर्यत आहे."

"शर्यत आहे तर खाल्लं का नाहीस?"

दोन्ही प्रश्न बरोबर होते.

तिने बरणी उघडली. रात्रीचा भात, पाण्यात भिजवलेला, जरासा आंबलेला, मीठ, वर चिरलेले छोटे कांदे. शेतात सगळे तेच खातात. तिने झाकणात ओतलं आणि माझ्यासमोर धरलं. घे म्हणाली नाही. नुसतं धरलं.

त्या झाकणाकडे मी किती वेळ बघितलं माहीत नाही. दहा सेकंद असतील. शिजवलेला भात. शिळा. कांदा. कुणाच्या हातचा. काकांना न चालणाऱ्या गोष्टींची पूर्ण यादी त्या एका झाकणात होती. पण माझं डोकं तेव्हा एकाच गोष्टीपुरतं साफ होतं. काकांशी भांडता येतं. घड्याळाशी नाही.

प्यायलो. तिने परत भरलं. तेही प्यायलो. कांदा दातांत कडकडला. तिसऱ्यांदा भरायला लागली तेव्हा म्हटलं, अक्का, तुला राहू दे. ती म्हणाली, "मला माहितीये किती ठेवायचं ते. तू पळ."

पोटात गेलं आणि लगेच पंख फुटले असं काही नाही. दीडेक किलोमीटर फरफटतच गेलो. मग हातांत ऊब आली. मग धुरा परत एका जागी थांबला. एकतिसाला पोलीस भरतीवाला एक पकडला, तेहतिसाला मद्रासचा एक, तो आता बूट हातात घेऊन चालत होता. शेवटचा किलोमीटर गावातून. सुब्बु रस्त्याच्या मधोमध घड्याळ धरून उभा, तोंडाने आकडे ओरडतोय, मला एकही ऐकू येत नाही.

तीन तास अठ्ठावीस मिनिटं.

कंपनीच्या माणसाने यादीत नाव लिहिलं आणि जानेवारीचा नंबर सांगितला. सतरा. मी त्याला दोनदा विचारलं.

परत येताना गाडीवर सुब्बुला भाताचं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "घरी बोलू नको. मी सांगणार नाही. त्या बाईला तुझं नाव पण माहीत नाही. संपलं."

"नाही, सांगणार."

"वेडा आहेस का?"

मी गाडीवर विचार करत होतो. लपवलं तर कुणाला कळणार नव्हतं, खरं आहे. मी गुपचूप बसलो असतो, काकांना म्हटलं असतं बघा, दोन्ही जमलं. पण जमलं नव्हतं ना, त्यांच्या नियमाने. खोटं बोलून जिंकलो असतो तर मग नियम त्यांचाच राहिला असता. मला माझं हवं होतं. पळालो, खाल्लं, आणि तरी बापाच्या तिथीला बसणार. असं उघड. डोळ्यांत बघून.

साडेदहाला घरी पोचलो. आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "झालं?" म्हटलं, झालं, नंबर मिळाला. "अंघोळ कर," ती म्हणाली. मडीची ओली साडी, चुलीपुढे घामाने निथळत, कारल्याची भाजी परतत होती. तिला तेव्हा काही बोललो नाही. सगळ्यांसमोरच बोलायचं होतं.

बारा वाजता काका आले. माझ्याकडे बघितलं. मी धोतर नेसून तयार. माझ्या पायांकडे बघितलं, नखांत माती राहिली होती. स्वतःपण मडीत आले होते. म्हणजे मी आलो नसतो तर तेच बसणार होते. साडेबाराला श्रीनिवासराव आणि त्यांच्याबरोबर दुसरे एक ब्राह्मण. पाट मांडले. दर्भ, तीळ, पाणी. श्रीनिवासराव दर्भाची अंगठी माझ्या बोटात घालायला निघाले.

मी हात मागे घेतला.

"एक मिनिट. मी खाल्लंय."

श्रीनिवासरावांचा हात तसाच. "काय?"

"सत्ताविसाव्या किलोमीटरला चक्कर आली. शेतातल्या एका बाईने नीरागारम दिलं. दोन झाकणं."

"म्हणजे भात," काका म्हणाले.

"होव. शिळा भात."

"कांदा पण?" श्रीनिवासरावांनी विचारलं. हे ते खरोखर माहिती म्हणून विचारत होते असं मला वाटतं.

"कांदा पण."

दुसरे ब्राह्मण छताकडे बघायला लागले. काका उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागतं. "ऊठ तिथून. मी सांगितलं होतं दोन्ही नाही जमत. कुणाच्या घरचं, कुणाच्या हातचं, आणि ते खाऊन तू माझ्या भावाला पिंड देणार? ऊठ."

"नाही उठणार."

"कार्तिकेय."

"काका, मी पळालो. मी खाल्लं. आणि मी त्यांचा मुलगा आहे. तिन्ही खरं आहे. खाल्लं नसतं तर तिथेच पडलो असतो आणि आज इथे बसायला कुणीच नसतं. तुम्हाला बसायचं असेल तर शेजारी पाट मांडा. हा माझा आहे."

"श्रीनिवासराव, तुम्ही सांगा ह्याला."

श्रीनिवासराव घड्याळाकडे बघत होते. "नियमाने बघितलं तर चुकलंच," ते म्हणाले. "अमावास्येला परत करता येईल—"

"आजच," मी म्हटलं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात उलथणं होतं. एरवी असल्या वेळी ती बाहेर येत नाही, आणि आली तर बोलत नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "मामंजींची तिथी आपल्याकडे हे करायचे ना."

"होव. दादा थोरला. तोच करायचा."

"ह्यांना साखरेचा आजार झाला त्यानंतर किती वर्षं केली?"

काकांनी बोटांवर मोजलं नाही, पण मोजलं. "दहा. अकरा."

"अकरा. सकाळी गोळी घेतली की ह्यांना काही खावंच लागायचं, नाहीतर हात थरथरायचे. तिथीच्या दिवशी सकाळी मी दोन इडल्या द्यायची. स्वयंपाकघरात. दार लावून. अकराही वर्षं."

भुवना माजघरात उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला.

"इडली," काका म्हणाले.

"चटणी नको म्हणायचे. बाकी नियम पाळायचे."

काका खाली बसले नाहीत, उभेच राहिले, पण भिंतीला हात लावला. मला वाटलं आता ओरडतील. ती अकराही वर्षं ते बाबांच्या शेजारी पाटावर बसले होते. त्यांच्या वडिलांची तिथी. मला त्यांची कीव आली असं नाही. पण त्यांचं तोंड बघवेना.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत, वहिनी."

"ह्यांनी सांगू नको म्हटलं. तुम्ही ऊठ म्हणाल म्हणून घाबरायचे."

श्रीनिवासरावांनी घसा खाकरला. "ती अकराही वर्षं मीच होतो," ते म्हणाले. "मला पण कुणी सांगितलं नाही, ते बरंच झालं. गोपालकृष्णराव, तुम्ही घरात मोठे. तुम्हीच सांगा. हे चालत नसेल तर ती अकरा पण चालली नाहीत. ती परत करायची असली तर मला तसा वेळ काढावा लागेल. ह्या महिन्यात जमणार नाही."

मी काकांकडे बघत होतो. डोळे खाली घालणार नव्हतो. तेही माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला आणि श्रीनिवासरावांच्या हातातली दर्भाची अंगठी घेऊन माझ्यासमोर पाटावर ठेवली. बोटात घातली नाही. ठेवली. मी उचलून स्वतःच घातली.

तिथी झाली. नीट झाली. मंत्र मला अर्धे कळत नाहीत, मी श्रीनिवासरावांच्या मागून म्हणत गेलो. बाबांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा आवाज थोडा फाटला, तो उपासाचा नव्हता. ब्राह्मण जेवले. दोघांनी केळफुलाची भाजी परत मागितली. काका भिंतीला टेकून सगळं बघत होते, बोलले एकदाच, तूप वाढायला विसरलो तेव्हा.

शेवटी ब्राह्मणांना साष्टांग नमस्कार. मी आडवा पडलो, आणि उठायला गेलो तर उजव्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे पांढरं. चौतीस किलोमीटर एकदम वर आले. उठता येईना, बसता येईना. पालथा पडून जमिनीवर हात आपटत होतो. श्रीनिवासराव जागचे हलू शकत नव्हते, हातावर पाणी घ्यायचं राहिलं होतं. आईच्या हातात उष्टी पानं.

मग माझ्या पायाला कुणीतरी धरलं. मान वळवून बघितलं तर काका. गुडघ्यावर बसलेले, मडीच्या धोतरात. आमच्याकडे वडीलधारा माणूस धाकट्याच्या पायाला हात लावत नाही. माझा तळवा दोन्ही हातांत धरून त्यांनी बोटं मागे वळवली, हळूहळू, माझ्या नडगीकडे. नखांतली माती त्यांच्या हाताला लागत होती.

"हे मी मान्य केलेलं नाही," ते म्हणाले. "जानेवारीचं तर मुळीच नाही."

"नका करू," मी जमिनीत तोंड खुपसून म्हटलं. "जरा जोरात दाबा."